फळं नकोत, रिक्षा पाठवा

मी फळांचा धंदा केलेला आहे. फार काळ नाही, एका उन्हाळ्यापुरता. आणि तोही फक्त लोकांनी मला आजारी म्हणून आणून दिलेल्या फळांचा. माल फुकट, भांडवल शून्य, गिऱ्हाईक एकच. असा धंदा डोंबिवलीत आणखी कुणी केला असेल तर त्याने मला येऊन भेटावं, आपण संघटना काढू.

माझा खरा धंदा वेगळा आहे. मी निवेदन करते. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, डोहाळजेवण, हळद, निरोप समारंभ. माईक दिला की मी सुरू. कल्याणपासून नौपाड्यापर्यंत असा एकही हॉल नसेल जिथल्या माईकने मला शॉक दिलेला नाही. नवरदेवाच्या रुसलेल्या मावशीला नाचायला उठवणं आणि भाषण आवरायला तयार नसलेल्या साहेबांना टाळ्यांच्या गजरात खाली बसवणं, ही माझी खासियत. पन्नाशी उलटली तरी आवाज असा की मागच्या रांगेत आइस्क्रीम खाणारा माणूस चमचा तोंडात धरून वर बघतो.

तर अशा बाईला नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे, ऑपरेशनच्या पुढे गेलेला आहे, पण रेडिएशनने बरा होऊ शकतो. आणि ही बाई, जिला गप्प बसवायला यजमानांना हॉलचे दिवे घालवावे लागतात, ती घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. जिना चढताना नवऱ्याने विचारलं, "लोकांना काय सांगायचं?"

"पोटाचं."

"पोटाचं काय?"

"पोटाचं काहीतरी."

अशा रीतीने 'पोटाचं काहीतरी' जाहीर झालं. लोकांना त्यामुळे भलतंच स्वातंत्र्य मिळालं. वरच्या मजल्यावर माझं अल्सर होतं, तळमजल्यावर आतडं, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये मी दारू पिते की काय अशी एक शंका होती. मी कुणालाच खोडून काढलं नाही. दारू परवडली, पण 'गर्भाशय' हा शब्द नको. कारण तो शब्द काढला की समोरच्या माणसाच्या नजरेला जागा उरत नाही. पोट म्हटलं की लोक तोंडाकडे बघून बोलतात.

आणि पोट म्हटलं की फळं आणतात. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हाताने जात नाहीत. मोसंबी, सफरचंद, डाळिंब, पेर. टीपॉय भरला, डायनिंग टेबल भरलं, मग देव्हाऱ्याशेजारी एक डझन मोसंबी अशी रचली गेली की नवरा अंघोळ करून आला आणि त्यांनाही नमस्कार करून गेला.

गंमत अशी की मला फळं मना होती. ओटीपोटावर रेडिएशन सुरू झालं की आतडी भडकतात. डॉक्टरांनी साल, बी, चोथा, दूध सगळं बंद करून मऊ भात आणि मुगाच्या वरणावर आणलेलं. म्हणजे मी फळांच्या बागेत बसून गिचका भात खात होते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती बोट वर करून: "पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. एकही दिवस चुकवायचा नाही. मध्ये खंड पडला की आजाराला उसंत मिळते आणि केलेलं वाया जातं."

उपचार सरकारी योजनेत झाला, ही फार मोठी गोष्ट. मशीन योजनेत होतं, सलाईनमधलं औषध योजनेत होतं. पण हॉस्पिटल होतं शीळफाट्याच्या पलीकडे, आणि मी तिथवर कशी पोचते हा योजनेचा विषय नव्हता. बसने जाऊन बघितलं. उभं राहून गेले, आणि काटई नाक्याच्या पुढे आतडी भडकली. कल्याण-शीळ रस्त्यावर बाईमाणसाने अशा वेळी कुठे जायचं, याचं उत्तर ज्याला माहीत असेल त्याचा सत्कार मी स्वतः, मानधन न घेता, करीन. त्या दिवसापासून रिक्षा. पोटात कळ आली की पेट्रोल पंपावर थांबवता येते.

नवरा पहिला आठवडा बरोबर आला. तो तळोज्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कंत्राटावर आहे. तिथे रजा नसते, खाडा असतो. दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझरने त्याला गोड आवाजात विचारलं की तुम्हाला नोकरी सोयीची पडत नाही का. मुलगी नाशिकला, मांडीवर तान्हं मूल. आणि माझी कमाई बंद झालेली. एका पंचाहत्तरीला हिमतीने उभी राहिले होते, पण औक्षण चालू असताना मी माईक जावयाच्या हातात कोंबून पळाले. परत आले तर जावई अजून बोलत होता. लग्नापासूनचं साठलं होतं त्याचं. सासऱ्यांनी नंतर मानधन दिलं, पण पुन्हा बोलावणार नाही हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

हॉस्पिटलच्या तळघरात, रेडिएशनच्या दाराबाहेर, आमच्या आजाराच्या बायका लगेच ओळखू येतात. गळ्याचे, फुप्फुसाचे पेशंट नुसते बसलेले असतात. आमच्या हातात बाटली असते. मशीनवर झोपताना मूत्राशय गच्च भरलेलं लागतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांतून वाचतात. म्हणून आधी पाणी ढोसायचं आणि नंबर येईपर्यंत धरून ठेवायचं. नंबर लांबला की सगळ्या एका लयीत पाय हलवायला लागतात. ते बघून मला निवेदन सुचायला लागायचं.

"आता आपल्यासमोर येत आहे," मी एकदा हळूच सुरू केलं, "तळघर महिला मंडळाचं समूहनृत्य."

शेजारची तोंडावर पदर दाबून म्हणाली, "ताई, हात जोडते, हसवू नका. इथंच सांडेल."

ती कल्याणची. चाळिशीच्या आतली, सडसडीत, पोळ्या लाटून दंड घट्ट झालेले. पोळी-भाजी केंद्रात कामाला होती. मालकिणीला आजार कळला तेव्हा तिने 'तू आराम कर' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई बसवली. घरी सासूने तिचं ताट-वाटी वेगळं केलं आणि मोरीतल्या कोपऱ्यात पालथं ठेवायला सांगितलं. हा आजार ताटातून लागत नाही हे तिने सांगितलं, तर सासू म्हणाली, डॉक्टर काय आपल्या घरी जेवतात का?

एके दिवशी ती दिसली नाही. दुसऱ्या दिवशी आली, तंत्रज्ञाला म्हणाली ताप होता. मला मात्र खरं सांगितलं. "भाड्याला नव्हते, ताई."

"उद्या मानपाडा नाक्यावर उभी राहा," मी म्हटलं. "माझी रिक्षा तशीही तिथून जाते. बसायला जागा आहे."

निवेदकाचा हा दोष असतो. वाक्य तोंडातून जाऊन टाळ्या पडल्यावर त्याचा अर्थ लक्षात येतो. रिक्षा तशीही जात होती हे खरं, पण किती दिवस जाईल हे मलाच ठाऊक नव्हतं. आता तर दोघींचे शेक, म्हणजे रेडिएशन, त्या एका रिक्षावर आले. घरी येऊन बसले, समोर डाळिंबांचा डोंगर, आणि डोक्यात ट्यूब पेटली.

आमच्या कोपऱ्यावर फळांची हातगाडी लावणारी मावशी जवळच्याच गावातली, आगरी. नाकात मोठी नथ, आवाज माझ्या तोडीचा. मी डाळिंबांची पिशवी तिच्यासमोर ठेवली.

"गो बाय, आजाऱ्याची फलां मी कशी इकू?"

"हातसुद्धा लावला नाही मावशी. मला चालत नाहीत. बघा, तुमचाच स्टिकर आहे."

तिने डाळिंब उलटं करून बघितलं. तिचंच होतं. परवा तिसऱ्या मजल्याला विकलेलं. "अर्धा भाव देन," ती म्हणाली.

आणि धंदा सुरू झाला. दुपारी कुणीतरी मावशीकडून फळं घेऊन माझ्याकडे यायचं, संध्याकाळी ती फळं मावशीकडे परत जायची, आणि सकाळी मी आणि ती पोळीवाली त्या फळांवर शीळफाटा ओलांडायचो. देठाला खरचटलेलं एक सफरचंद माझ्याकडे इतक्या वेळा येऊन गेलं की मी त्याला दारातच 'या, बसा' म्हणायला लागले. मावशीही रंगली. कुणी आमच्या बिल्डिंगकडे निघालेलं दिसलं की म्हणायची, "आजाऱ्याकडं चाललाव ना? मंग अर्ध्या डझनानं काय होतंय? डझन घ्या!"

आता आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. टेलिफोन खात्यातून निवृत्त, वजनदार, सर्वार्थाने. मंगळवारच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांनी फळं आणली ती वेताच्या परडीतून, आणि परडीला त्यांच्या जुन्या हिरव्या पडद्याची झालर, स्वतः शिवलेली. मी फळं तेवढी काढून परडी ठेवून घ्यायला हवी होती. पण त्या दिवशी आतड्यांनी फार छळलं होतं, आणि मी आहे तशी परडी मावशीच्या हवाली केली. मावशीला झालर आवडली. तिने परडी डाळिंबांसकट गाडीवर दर्शनी लावली.

दुसऱ्या संध्याकाळी मी सफरचंदं घेऊन खाली उतरले, तर गाडीसमोर काकू उभ्या. त्यांचं बोट झालरीवर.

"ही परडी माझी आहे."

"परडी इकायला नाय," मावशी म्हणाली. "डालिंबां इकायला हायेत. देऊ?"

"डाळिंबंही माझीच आहेत!" आणि तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. माझ्या हातातली पिशवी बघितली. "तू? मी दिलेलं तू विकलंस?"

गाडीभोवती माणसं होती. शेजारच्या भाजीच्या गाडीवर कोथिंबीर निवडणाऱ्या दोघी, दुधाची पिशवी घेऊन चाललेले एक गृहस्थ, स्कूटीवरची मुलगी. सगळे थांबले. आणि इतकी माणसं तोंडाकडे बघत थांबली की माझं काय होतं हे मी सांगितलंच आहे. शिवाय दुसऱ्या दिवसाच्या रिक्षाचं मला तिथेच दिसत होतं: ही गाडी बंद, म्हणजे ती गाडी बंद. म्हणजे खंड. माझा आणि तिचा.

"काकू," मी म्हटलं, आणि आवाज आपोआप मागच्या रांगेपर्यंत गेला, "मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे. पोटाचं काहीतरी नाही. गर्भाशयाच्या मुखाचा. फळं मला मना आहेत. शीळफाट्याच्या पुढे रोज शेक घ्यायला जावं लागतं, एक दिवस चुकून चालत नाही, आणि तुमच्या डाळिंबांवर आज मी आणि आणखी एक बाई तिथवर जाऊन आलो. डाळिंबं चांगली होती. काटईचा ट्रॅफिकसुद्धा जाणवला नाही."

दूधवाल्या गृहस्थांनी पिशवीकडे असं बघितलं की जणू त्यावर बातमी छापलेली आहे.

"हळू बोल की गं," काकू कुजबुजल्या.

"हळू बोलून बघितलं काकू. हळू बोललं की डझनभर मोसंबी येतात."

मावशीने वजनकाट्यावरचा हात काढला. "बाय, एवढं होतं तं मना बोलायचं. मी पुरा भाव दिला असता."

काकूंनी डाळिंबं गाडीवर ओतली, परडी काखोटीला मारली आणि निघून गेल्या. मी वर आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. मला त्या मोसंब्यांना रोज नमस्कार करायचा कंटाळा आला होता." मग बराच वेळ आम्ही दोघं उद्याचं काय ते बोलत बसलो. त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, राहू दे, तुझ्या घड्याळाच्या पैशांत आपण मानपाड्यापर्यंतसुद्धा जाणार नाही.

सकाळी बेल वाजली. दारात काकू. पायात बूट, हातात छत्री, खांद्याला पाण्याची भली मोठी बाटली.

"रिक्षा खाली उभी आहे. मीटर चालू आहे. बघत काय बसलीस?"

पहिले काही दिवस त्यांनी पेन्शनमधून काढले. मग मंगळवार आला. आमच्या भजनी मंडळात दर मंगळवारी एकेकीकडे प्रसाद असतो. सुरुवातीला खोबरं-खडीसाखर असायची, मग शिरा आला, मग वाटली डाळ, मग एकीने रसमलाई आणली आणि दुसरीने तिला मागे टाकण्यासाठी केटररला सांगितलं. त्या मंगळवारी आरती झाल्यावर काकूंनी टाळ खाली ठेवले आणि जाहीर केलं, "आजपासून प्रसाद म्हणजे खडीसाखर. उरलेले पैसे रिक्षाला."

मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. खजिनदार बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "नाही, मदत करायला हवीच. पण हे प्रसादाचे पैसे, देवाचे. असल्या आजाराला..."

"असल्या म्हणजे कसल्या?"

"म्हणजे... त्या जागेच्या."

"का गं?" काकू म्हणाल्या. "तुझी दोन्ही मुलं काय कानातून आली?"

पेटीवाली पेटीवर आडवी झाली. हसू थांबेपर्यंत ठराव झालेला होता. आणि निघताना, चपला घालायच्या निमित्ताने, दोघी जणी वेगवेगळ्या माझ्याजवळ आल्या. एकीने विचारलं तपासणी कुठे करतात, फार दुखतं का. दुसरीने नुसताच हात दाबला आणि म्हणाली, "मी उद्या फोन करते. घरात बोलता येत नाही." तिने फोन केला. तिला मी नौपाड्याला घेऊन गेले. तिचं साधं निघालं, पण ती दोन वर्षं अंगावर काढत होती, कुणाला सांगायचं हे न कळून.

पोळीवालीला मात्र प्रसादाची हकीगत कळली आणि ती मानपाड्याला रिक्षात चढेना. फुटपाथवरूनच म्हणाली, "काकू, राग मानू नका. आम्ही बौद्ध. आमच्यात देव नाही, प्रसाद नाही. ज्याला मी हात जोडत नाही त्याचं खाऊ कशी? मी बसने येते."

"देवाने कुठे काय दिलंय?" काकू आतूनच गरजल्या. "शिऱ्यातलं तूप वाचवून बायकांनी दिलंय. आणि हे बघ, मी एका बाजूला बसले की रिक्षा कलंडते. विचार त्याला."

रिक्षावाल्याने आरशात बघून प्रामाणिकपणे मान हलवली.

"दोघी त्या बाजूला बसल्याशिवाय गाडी सरळ चालत नाही. तुझ्यावर कसले उपकार? तूच आम्हाला सावरून धर."

ती हसली आणि चढली. काकूंनी दुसरं काही म्हटलं असतं तर ती चढली नसती, असं मला आजही वाटतं.

त्या दिवशी शेक झाल्यावर तिने डबा उघडला. ओला भात आणि वरण, आमचं राष्ट्रीय अन्न. तिने सवयीने डबा आमच्यापासून लांब, बाकाच्या टोकाला ओढला. काकूंना भूक लागलेली होती. त्या उठल्या, टोकाला जाऊन बसल्या आणि तिच्या डब्यात हात घातला.

"काकू, तो माझा उष्टा..."

"मीठ कमी आहे," काकू चावत म्हणाल्या. "उद्या जास्त आण. तिघींपुरता."

दुसऱ्या दिवशी डबा मोठा होता, आणि तिने तो बाकाच्या मधोमध ठेवला.

रिक्षात बसून आम्ही काय काय बोललो! एक प्रश्न मात्र बरेच दिवस तिघींच्या मध्ये बसून प्रवास करत होता. शेवटी मीच त्याला बोलतं केलं. कारण माझ्या नवऱ्याने आदल्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याकडे बघत विचारलं होतं, "डॉक्टर काही म्हणाल्या का... त्याबद्दल?"

"कशाबद्दल?"

"जाऊ दे," म्हणून तो कोथिंबीर धुवायला लागला. ती आधीच धुतलेली होती.

डॉक्टर काहीच म्हणाल्या नव्हत्या. आमच्या जेवणाबद्दल, पाण्याबद्दल, रक्ताबद्दल सगळं सांगितलं. नवरा-बायकोबद्दल चकार शब्द नाही. "माझा तर माळ्यावर झोपायला लागला," पोळीवाली बाहेर बघत म्हणाली. "त्याला वाटतं त्याला लागेल. मलाही माहीत नाही, लागतं का? विचारू कुणाला?"

"हिला विचारायला सांग," काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हिचा आवाज आहे."

म्हणून मी विचारलं. तपासणीच्या खोलीत, पोळीवालीला शेजारी उभी करून, स्वच्छ मराठीत. तरुण डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये शिरले. पण मागे उभ्या असलेल्या सिस्टरने आम्हाला पडद्याआड नेलं आणि सगळं सांगितलं: लागत नाही, कुणालाच नाही, आत्ता थांबायचं, पण कायमचं नाही, आतली जागा आवळू नये म्हणून पुढे काय करायचं, कसं करायचं, हेही दाखवलं. मग म्हणाली, "तुम्ही पहिल्याच, ज्यांनी विचारलं." त्या संध्याकाळी पोळीवालीने नवऱ्याला माळ्यावरून खाली बोलावलं आणि ऐकवलं. तो खाली झोपायला आला की नाही ते मी विचारलं नाही. तिने ताट मात्र मोरीच्या कोपऱ्यातून उचलून फळीवर सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. सासूने दोनदा काढलं, हिने दोनदा परत ठेवलं.

माझे शेक आधी संपले. तिचा चुकलेला दिवस भरून काढायचा म्हणून ती मागे राहिली. बाहेरून द्यायचा तिचा शेवटचा शेक होता त्या दिवशी मी आणि काकू बरोबर होतोच. त्यानंतर लागून सुट्ट्या, मग मशीनची दुरुस्ती. त्या दिवशी चुकला असता तर मोठाच खंड पडला असता, आणि पुढचे, नळी आत घालून द्यायचे शेकही लांबले असते. वेळ वाचवायला म्हणून तिने देसाई गावापाशीच अर्धी बाटली संपवली.

आणि शीळफाट्याच्या अलीकडे रिक्षा थांबली. पुढे एक कंटेनर आडवा. त्याच्या मागे ट्रक, ट्रकच्या मागे टेम्पो, प्रत्येकाला आधी घुसायचं होतं. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. हे वाईट लक्षण.

"ताई," ती पाय आवळून म्हणाली, "मी उतरून जाऊन येते कुठेतरी आडोशाला. मग तिथे पुन्हा पिते."

"पुन्हा भरेपर्यंत नंबर जाईल. दुपारी मशीन बंद करणार आहेत ते."

"मग?"

मी उतरले. दुभाजकावर चढले. खाली शेकडो हॉर्न वाजत होते, समोर माईक नव्हता, आणि मला आतड्यांपासून आनंद झाला.

"नमस्कार मंडळी!" मी ओरडले. टेम्पोवाल्याने दचकून हॉर्नवरचा हात काढला. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, कंटेनरवाले दादा! आपण थोडं मागे घेतलंत तर बरं होईल. निळ्या ट्रकचे मालक, आपण फार देखणे आहात, पण डावीकडे जास्त शोभाल. पिवळ्या टेम्पोतले काका, पुढे घुसू नका, जेवण सगळ्यांना पुरणार आहे! त्या रिक्षात कॅन्सरची पेशंट आहे, गर्भाशयाच्या कॅन्सरची, तिचा आज शेवटचा शेक आहे आणि दुपारी मशीन बंद होतंय. एक रिक्षा जाईल एवढी वाट द्या. फक्त एक!"

काकू दुसऱ्या बाजूने छत्री घेऊन उतरल्या होत्या आणि ट्रकच्या बॉनेटवर ठकठक करत होत्या. "ऐकू आलं ना? घे मागे. अजून. अजून घे, माझ्या अंगावर नको घालूस!" ट्रकचा क्लीनर उडी मारून खाली आला आणि टेम्पोला हात दाखवायला लागला. टेम्पोवाला पलीकडच्या बसला शिव्या देऊन सरकवू लागला. वाट अशी मिळाली नाही, इंच इंच करून काढली, आणि काढेपर्यंत माझा आवाज फाटला. रिक्षा सुटली तेव्हा मी आणि काकू मागून पळत जाऊन चढलो. काकू चढल्यावर ती रीतसर कलंडली.

तळघरात पोचलो तेव्हा तंत्रज्ञ दारात उभा राहून घड्याळ बघत होता. हिचं नाव दोनदा पुकारून झालेलं. तिने चपला एका झटक्यात काढल्या आणि पदर खोचला.

"उशीर केलात," तो म्हणाला. "पाणी तरी प्यायलात का? भरलंय ना?"

"काठोकाठ," ती म्हणाली. "बाजूला व्हा."